हाक आणि ओ : भिलाई नगरातील लोकसंवाद

छत्तीसगढच्या खेड्यांत कोतवार गल्लीगल्लीतून फिरतो आणि उद्याची बैठक, धान्यवाटप किंवा जमिनीच्या मोजणीची तारीख मोठ्याने सांगत जातो. तेथील बोलीत यास ‘हांका’ म्हणतात. मराठी वाचकास ही पद्धत अपरिचित नाही. विदर्भातील कोतवाल आणि छत्तीसगढचा कोतवार ही एकाच जुन्या ग्रामव्यवस्थेची दोन रूपे होत, आणि दवंडी व हांका यांचे कामही एकच. या पद्धतीचा एक गुण सहसा ध्यानात घेतला जात नाही. कोतवार पारापाशी आला की कोणीतरी त्याला थांबवून विचारते : बैठक किती वाजता? बायकांनी यायचे की नाही? सातबारा बरोबर आणायचा का? उत्तर ठाऊक असेल तर तो ते देतो. ठाऊक नसेल तर प्रश्न घेऊन पटेलाकडे परत जातो. निरोप नेणारा आणि प्रश्न आणणारा माणूस एकच असतो. मराठीत हाकेला ‘ओ’ द्यावी लागते असे म्हणतात, ते याच अर्थाने. ओ आल्यावाचून हाक पोहोचली की नाही हे कळायला मार्ग नसतो.

शहर वाढले म्हणजे हाक आणि ओ यांची ही जोडी तुटते. हाक देणारे एक खाते होते आणि ओ ऐकणारे दुसरे. कित्येकदा दुसरे खाते नसतेच. नगरसंस्थेने लोकांशी कसे बोलावे आणि लोकांचे कसे ऐकावे, या प्रश्नाचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे. त्यासाठी भिलाईचे उदाहरण निवडले आहे, कारण तेथे एकाच नगरात लोकांशी बोलणाऱ्या दोन संस्था शेजारी शेजारी नांदतात, आणि त्या दोहोंची रीत भिन्न आहे.

भिलाईचा जन्म पोलादापासून झाला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन क्षमतेचा कारखाना उभारण्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी तेथे भाताची शेते आणि तळ्याकाठची खेडी होती. ज्या जमिनीवर कोतवाराचा हांका फिरत असे, त्या जमिनीवर अल्पावधीत आखीवरेखीव सेक्टर उभे राहिले. केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, ओरिसा, महाराष्ट्र अशा सर्व दिशांनी माणसे आली. क्वार्टरांना क्रमांक मिळाले, रस्त्यांना क्रमांक मिळाले, शाळा, दवाखाने आणि बाजार झाले. या वसाहतीची पाणी, वीज, रस्ते आणि सफाई ही कामे कारखान्याचा नगर सेवा विभाग पाहू लागला.

मात्र कारखाना उभारण्यास जितकी माणसे लागली तितकी सारी वसाहतीत मावली नाहीत. ठेकेदारांचे मजूर, छोटे दुकानदार, मागाहून आलेले नातेवाईक आणि जमीन गेलेले गावकरी यांनी मुंबई–हावडा लोहमार्गाच्या पलीकडे वस्ती केली. छावणी, कॅम्प, सुपेला, खुर्सीपार ही नावे त्या इतिहासाचीच साक्ष देतात. या भागाचा कारभार दीर्घकाळ विशेष क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे होता. लोक त्याला ‘साडा’ म्हणत. हे प्राधिकरण शासननियुक्त होते. त्याचे सदस्य लोकांच्या मतावर निवडून येत नसत, आणि त्यामुळे लोकांना उत्तर देण्याचा प्रसंगही त्यांच्यावर क्वचितच येत असे. १९९८ मध्ये भिलाई नगर निगम स्थापन झाला. महाराष्ट्रात ज्याला महानगरपालिका म्हणतात तीच ही संस्था. तेथील ‘पार्षद’ म्हणजे आपल्याकडील नगरसेवक. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले. २०११ च्या जनगणनेनुसार निगमाच्या हद्दीत सुमारे सव्वासहा लाख लोक राहत होते. त्यानंतर २०१९ मध्ये रिसाली हा भाग वेगळा काढून तेथे स्वतंत्र निगम करण्यात आला.

या इतिहासातून लोकसंवादाच्या दोन सवयी निर्माण झाल्या. सेक्टरमधील रहिवासी हा प्रथम कर्मचारी आणि मग नागरिक. त्याचे नाव, त्याचा क्वार्टर क्रमांक आणि त्याचा विभाग हे सारे कारखान्याच्या दप्तरी नोंदलेले असते. नळ गळू लागला तर देखभाल कार्यालयात तक्रार नोंदवावयाची, आणि तक्रारीपुढे क्वार्टर क्रमांक लिहावयाचा. काम लवकर होते की उशिरा हा प्रश्न निराळा; परंतु तक्रारीला पत्ता असतो आणि उत्तर कोठे पाठवावयाचे हे ठाऊक असते. उलटपक्षी, या रीतीत एक उणीवही आहे. कारखाना आपल्या माणसांची काळजी घेतो, पण रस्ता कोठून न्यावा किंवा बाजार कोठे असावा हे ठरविताना रहिवाशाचे मत घेण्याचे बंधन त्याच्यावर नाही. सेवेचा पुरवठा आहे, सल्लामसलत नाही. आणि निवृत्तीबरोबर क्वार्टर सोडावे लागले की त्या दप्तरातील पत्ताही पुसला जातो.

वस्तीतील सवय याच्या अगदी उलट घडली. ज्या घराला क्रमांक नाही, ज्या जागेचा कागद नाही, त्या घराला नोटीस येते ती बहुधा जागा खाली करण्याची. पत्ता नसलेला माणूस कार्यालयात जातो तेव्हा प्रथम त्याला आपण येथे राहतो हेच सिद्ध करावे लागते. साहजिकच तो एखाद्या ओळखीच्या माणसाला बरोबर नेतो. हा मध्यस्थ वस्तीचा पुढारी असेल, संघटनेचा कार्यकर्ता असेल किंवा निव्वळ अर्ज लिहून देणारा असेल. मध्य प्रदेश शासनाने १९८४ मध्ये शहरांतील भूमिहीनांना राहत्या जागेचे पट्टे देण्याचा कायदा केला. त्या कायद्याचे महत्त्व जमिनीपुरते मर्यादित नाही. पट्टा म्हणजे पत्ता, आणि पत्ता म्हणजे नगरसंस्थेशी मध्यस्थावाचून बोलण्याचा पहिला अधिकार होय.

भारताच्या राज्यघटनेत ७४ वी दुरुस्ती झाली आणि ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांत वॉर्ड समित्या असाव्यात असे तिने सांगितले. याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे : जेथे एखादा कारखाना नागरी सेवा पुरवीत असेल, तो प्रदेश औद्योगिक वसाहत म्हणून नगरपालिकेबाहेर ठेवता येतो. भिलाईने तो मार्ग पत्करला नाही. तेथील सेक्टरही निगमाच्या वॉर्डांत मोडतात आणि सेक्टरमधील रहिवासी पार्षद निवडतात. हे लोकशाहीच्या दृष्टीने इष्टच झाले. परंतु त्यातून एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. सेक्टरमधील नागरिक मत देतो निगमाला आणि पाणी घेतो कारखान्याकडून. रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर तो पार्षदाला सांगावा की नगर सेवा विभागाला? लोहमार्गापलीकडील वस्तीत पाणी शिवनाथ नदीचे आणि ते निगमाकडून येते. वसाहतीत ते मरोदा जलाशयाचे आणि कारखान्याकडून येते. एकाच नगरातील दोन बहिणींच्या घरी पाणी बंद झाले तर दोघींना दोन निराळ्या दारांशी जावे लागते.

यावरून पहिला नियम निघतो. नगरसंस्थेने लोकांना सर्वांत आधी सांगावयाची गोष्ट म्हणजे कोणत्या कामासाठी कोणाकडे जावे. ही गोष्ट इतकी साधी आहे की कार्यालयात बसणाऱ्याला ती सांगण्याची गरजच वाटत नाही. त्याला ती पाठ असते. परंतु नागरिकाचा निम्मा वेळ चुकीच्या खिडकीपुढे जातो. चुकीच्या खिडकीवरील कारकुनाने ‘हे आमचे काम नाही’ एवढेच सांगितले तर ते खरे असूनही अपुरे असते. हे काम कोणाचे, त्याचे कार्यालय कोठे आणि तेथे कोणता कागद न्यावयाचा, एवढे सांगितले म्हणजे उत्तर पूर्ण होते. दोन्ही संस्थांनी मिळून एक समाईक फलक प्रत्येक वॉर्डात लावला, तर कित्येक हेलपाटे वाचतील.

दुसरा प्रश्न भाषेचा. निगमाचा कारभार हिंदीत चालतो. २००७ मध्ये छत्तीसगढीलाही राजभाषेचे स्थान देण्यात आले. पण सूचनांची हिंदी ही घरातील हिंदी नव्हे. ‘सर्वसाधारण को सूचित किया जाता है’ या धाटणीच्या वाक्याने जी सूचना सुरू होते, ती वाचून तेलुगूभाषक मजूर, ओडिया घरकाम करणारी स्त्री आणि मूळची छत्तीसगढी म्हातारी, तिघेही सारख्याच गोंधळात पडतात. येथे केवळ भाषांतराचा प्रश्न नाही. सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कायद्याचे कलम असते; वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उद्याची सकाळ असते. दोहोंची गाठ पडली पाहिजे.

उदाहरणार्थ, जलवाहिनीच्या दुरुस्तीची सूचना घ्या. ‘अपरिहार्य कारणामुळे काही भागांतील पाणीपुरवठा बाधित राहील’ असे लिहिले तर ते खोटे नाही, पण निरुपयोगी आहे. तीच सूचना अशी लिहिता येईल : मंगळवारी सकाळी नळ येणार नाही, या या वॉर्डांत येणार नाही, बुधवारी सकाळी नेहमीच्या वेळी येईल, मंगळवारी दुपारी शाळेपाशी टँकर उभा राहील, टँकर न आल्यास अमुक कार्यालयात सांगावे. पहिल्या सूचनेत संस्था आपला बचाव करते, दुसरीत नागरिकाला त्याचा दिवस आखता येतो. आणि शेवटचे वाक्य नसेल तर दुसरी सूचनाही अर्धीच राहते, कारण तिच्यात ओ देण्याची जागा नसते.

या गोष्टी शिष्टाचाराच्या वाटतील. त्या जीवन-मरणाच्याही असू शकतात. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली. खुर्सीपार, छावणी, कॅम्प यांसारख्या दाट वस्तीच्या भागांत तिने अनेक बळी घेतले. त्यांत लहान मुलेही होती. घरोघर फिरून पाहणी करणे, कूलर आणि टाक्या रिकाम्या करणे, पाण्यात औषध टाकणे अशी मोहीम हाती घेण्यात आली. साथीचा जोर ओसरला, पण तिने लोकसंवादाचा जो धडा दिला तो कोणत्याही नगराने विसरू नये असा आहे.

डेंग्यूचा डास घाणेरड्या गटारात वाढत नाही. तो घरात साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास होण्यास सामान्यतः आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवावीत, असे सांगितले जाते. महाराष्ट्रात यास ‘कोरडा दिवस’ म्हणतात. सल्ला योग्य आहे. पण वस्तीतील बाईला तो ऐकून काय वाटेल याचा विचार केला पाहिजे. नळ दिवसातून ठरावीक वेळच येतो. कधी येतो, कधी येत नाही. म्हणून तर तिने पिंप भरून ठेवलेले असते. ‘पाणी साठवू नका’ असे सांगणाऱ्या संस्थेनेच तिला पाणी साठविण्यास भाग पाडलेले असते. अशा वेळी तिने पिंप ओतले नाही तर तो अडाणीपणा नव्हे, अनुभव होय. उद्या नळ नक्की किती वाजता येईल, हे जी संस्था खात्रीने सांगू शकेल, तिनेच आज पिंप ओतण्यास सांगावे. पाण्याचे वेळापत्रक आणि आरोग्याचा सल्ला ही दोन खात्यांची कामे असली, तरी ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ते एकच वाक्य असते.

शिवाय अर्धवट निरोप धोक्याचा ठरतो. या डासाची अंडी भांड्याच्या आतील कडेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटलेली असतात आणि कोरड्या अवस्थेत महिनोन्महिने टिकतात. नुसते पाणी ओतून पिंप पुन्हा भरले तर अंडी तेथेच राहतात. कडा घासणे आवश्यक असते. तसेच, या रोगात ताप उतरू लागला की घरची माणसे निश्चिंत होतात; परंतु पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे ही धोक्याची लक्षणे पुष्कळदा ताप उतरण्याच्या सुमारासच दिसतात. ‘ताप आल्यास दवाखान्यात जा’ हे सांगणे पुरेसे नाही. ‘ताप उतरल्यावरही दोन दिवस लक्ष ठेवा’ हे सांगावे लागते. फलकावर मोठ्या अक्षरात काय लिहावयाचे, याचा निर्णय येथे माणसाच्या जिवाशी निगडित होतो.

असा निरोप ध्वनिक्षेपकाने देता येत नाही. कचरागाडीवरील ध्वनिक्षेपकाचा आवाज हल्ली नगरसंस्थेचा सर्वाधिक ऐकला जाणारा आवाज आहे. पण त्याला प्रश्न विचारता येत नाही. छत्तीसगढकडे यासाठी स्वतःचे एक साधन आहे. २००२ पासून तेथे ‘मितानिन’ नावाच्या आरोग्यसेविकांची योजना चालू झाली आणि पुढे ती शहरी वस्त्यांतही आली. मितान किंवा मितानिन म्हणजे विधिपूर्वक जोडलेला मित्र किंवा मैत्रीण. छत्तीसगढी समाजात हे नाते रक्ताच्या नात्याइतके मानले जाते. योजनेला हे नाव देण्यात शहाणपण होते. मितानिन त्याच वस्तीत राहते. पिंपाची कडा कशी घासावी हे ती दाखवू शकते, आणि ‘नळच येत नाही, मग ओतू कशी?’ हा प्रश्नही तिलाच ऐकावा लागतो. जुन्या कोतवाराचे दुहेरी काम ती करते. आता प्रश्न एवढाच उरतो की तिने ऐकलेला प्रश्न पाणीपुरवठा अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत जातो की नाही. तो जात नसेल, तर पुन्हा एकदा हाकच तेवढी उरली असे समजावे.

या बाबतीत कायदा वाटतो त्यापेक्षा बराच पुढे गेलेला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याकडे बहुतेकजण अर्ज करून माहिती मागण्याचे साधन म्हणून पाहतात. परंतु त्याच्या चौथ्या कलमात अर्जाशिवाय पाळावयाची कर्तव्ये सांगितली आहेत. महत्त्वाचे धोरण ठरविताना त्यासंबंधीची सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी. ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना प्रशासकीय निर्णयाची कारणे द्यावीत. माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्यावी. माहितीच्या प्रसाराच्या साधनांत सूचनाफलक आणि वृत्तपत्रे यांच्या जोडीला जाहीर घोषणाही कायद्याने मोजली आहे. म्हणजे कोतवाराच्या हांक्यालाही कायद्यात मान आहे. या साऱ्यांत सर्वाधिक दुर्लक्षित कर्तव्य कारणे देण्याचे. वस्तीने गटाराची मागणी केली आणि निगमाने त्या वर्षी ती नाकारली, तर नकाराने लोक जितके दुखावतात त्याहून अधिक मौनाने दुखावतात. ‘यंदा निधी अमुक कामाला दिला, कारण तेथे पावसाचे पाणी घरात शिरते, तुमचे काम पुढील यादीत आहे’ असे उत्तर ऐकून लोक भांडतील, पण ते त्याच उत्तराशी भांडतील, अफवेशी नव्हे.

भिलाईपासून नैर्ऋत्येस, छत्तीसगढच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव आहे. लोकसंख्या पाचशेच्या आसपास. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वसहमती होईपर्यंत थांबते. तिच्या जोडीला अभ्यासगट असतो. त्यात माहिती गोळा करावयाची, शंका काढावयाच्या, जाणकारांना विचारावयाचे. निर्णय मात्र घ्यावयाचा नाही. तो सभेत होतो. २००९ मध्ये या गावाला वनावरील सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे या सवयीचे बळ होते. सव्वासहा लाखांच्या नगराला पाचशे माणसांचे उदाहरण जसेच्या तसे लागू पडणार नाही हे उघड आहे. नगरात सर्वसहमती शक्य नाही आणि प्रत्येक जण सभेला येऊ शकत नाही. पाळीत काम करणाऱ्या कामगाराची सकाळ कधी रात्री असते. परंतु मेंढ्याने केलेला भेद नगरालाही उपयोगी आहे : आधी समजून घेण्याची बैठक, मग ठरविण्याची. नगरात बहुधा एकच सभा होते, तिच्यात निर्णय सांगितला जातो आणि शंका काढणाऱ्यास विरोधक समजले जाते.

निगमाचे ७० वॉर्ड आहेत. सरासरीने पाहिले तर प्रत्येक वॉर्ड हा काही हजार माणसांचा, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या खेड्याएवढा होतो. एवढ्या आकारात काय साधते हे खेड्यांनी दाखविलेच आहे. प्रत्येक वॉर्डात एक नोंदवही ठेवावी : तक्रार कोणती, कोणत्या दिवशी आली, कोणाकडे पाठविली, काय झाले, आणि झाले नसेल तर का नाही. ती वही कोणासही पाहता यावी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ती महिन्यातून एकदा मोठ्याने वाचली जावी. एक वाचन सकाळच्या पाळीवाल्यांना सोयीचे, एक रात्रीच्या पाळीवाल्यांना. सेक्टरमधील वाचनाच्या वेळी नगर सेवा विभागाचा माणूस पार्षदाशेजारी बसावा, म्हणजे ‘हे आमचे काम नाही’ या वाक्याला पळवाट राहणार नाही. यास मोठा निधी लागत नाही. लागते ती अपुऱ्या कामाची यादी लोकांसमोर वाचून दाखविण्याची तयारी, आणि कोणत्याही नगरसंस्थेला तीच सर्वांत जड जाते.

कोतवार पारापाशी थांबे, कारण त्याला तेथेच राहावयाचे असे. न थांबता निघून गेला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसांनी त्याला गाठले असते. नगरसंस्थेचा अधिकारी बदलून जातो, पार्षद पाच वर्षांनी बदलतो, क्वार्टरमधील रहिवासीही निवृत्तीनंतर बदलतो. जे बदलत नाही ते वॉर्डाचे दप्तर. त्यात लोकांचा प्रश्न आणि त्याला दिलेले उत्तर शेजारी शेजारी लिहिलेले असले, तर खुर्सीपारमधील बाईला पुढच्या पावसाळ्यात पिंप ओतण्याआधी विचारता येईल की उद्या नळ येणार आहे का, आणि तिला उत्तर देणारा कोणीतरी असेल.